दोन कोप्यांमधलं रान

"लातूर जिल्ह्यात जंगल?" असं म्हणून हसणारी माणसं मला इतकी भेटली आहेत की आता मी वाद घालतच नाही. नकाशा उघडते आणि समोर धरते. नांदेडकडून उदगीरकडे बालाघाटाच्या टेकड्या पसरत जातात, त्यांच्यावर हिरवे ठिपके आहेत. कुठे साग, कुठे धावडा, कुठे नुसती झुडपं आणि कुसळी गवत. ठिपके लहान आहेत, हे मान्य. पण आहेत! खरी अडचण मधल्या जागेची आहे. एका ठिपक्यातल्या रानमांजराला दुसऱ्या ठिपक्यात जायचं तर मध्ये शेतं, रस्ते, खडी फोडायची केंद्रं. जाता आलं नाही की ते तिथंच कोंडतं, आणि कोंडलेलं जनावर आज ना उद्या संपतं.

हे ठिपके कुठून जोडता येतील ते चालत जाऊन पाहायचं, असं ठरवून मी आणि शेख सर मार्गशीर्षात निघालो. मी नांदेडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शेख सर उदगीरचे, भूगोल शिकवतात. नकाशा त्यांचा, जीप त्यांच्या मेहुण्याची, आणि घाई सगळी माझी. मला घाई असते. त्यावरून घरात, कॉलेजात आणि जीपमध्येही बोलणी खाते.

उमरी

उमरी खरं तर आमच्या वाटेवर नाही. ते गोदावरीच्या अलीकडे, आम्हाला जायचं पलीकडे. पण तिथल्या डोंगरात मी आधी हिंडलेली, म्हणून कामाची पद्धत आधी तिथं करून पाहिली. पद्धत साधी आहे. झाडाझुडपांच्या ज्या ओळीच्या आडोशानं जनावर पुढे सरकू शकेल, ती ओळ पायी चालायची, फोनवर टिपायची, आणि मध्ये मध्ये फांदीला लाल कापडाची पट्टी बांधायची. म्हणजे परतताना ओळ चुकत नाही.

अर्धा डोंगर झाला नसेल, तोच एक गृहस्थ मोटारसायकल आडवी लावून उभे.

"सोलरवाले का?"

"नाही हो."

"मंग पवनचक्की?"

"कॉलेजवाले. जनावरांच्या वाटा शोधतोय."

त्यांनी आमच्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या. "कॉलेजवाले झाडाला चिंध्या कावून बांधून राहिले?"

मी मनापासून समजावून सांगितलं. रानमांजर सांगितलं, कोल्हा सांगितला, बी पसरवणारे पक्षी सांगितले. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "बांधा बांधा. आपलं काय जातंय." मला वाटलं, चला, लोकांना कळतंय. कप्पाळ कळतंय! त्याच चिंध्यांनी पुढे माझी अशी फजिती केली की बस्स.

दुपारी एका खानावळीत ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. शेख सरांनी ठेच्याला हात लावला नाही. मी दुसऱ्यांदा मागून घेतला आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत बसले. तरी पुन्हा गेले तर पुन्हा मागेन.

मुखेडच्या पुढे

गोदावरी ओलांडून कंधार, मुखेड मागे टाकलं की जमीन चढायला लागते. तिथल्या एका वनखात्याच्या टेकडीवर आम्ही पूर्ण दिवस काढला. पानगळ सुरू झालेली, धावड्याची पानं तांबूस पडलेली, आणि पायाखाली इतका वाळका पाचोळा की दोघांचं चालणं वीस जणांसारखं वाजत होतं. सीताफळीच्या जाळीतून तितरांचा थवा भर्रकन उडाला, तशा माझ्या हातातल्या पट्ट्या खाली पडल्या. शेख सर खो खो हसले.

ओढ्यात पाणी नव्हतं, नुसती ओली वाळू. त्या वाळूत ठसे होते. गोल, स्वच्छ, नखांची खूण नसलेले. रानमांजर! मी गुडघ्यावर बसले, हातानं सावली करून बघितलं आणि उगीचच डोळ्यांत पाणी आलं. वर्गात हे ठसे मी फळ्यावर काढून दाखवते. वाळूत बघणं निराळं.

"मॅडम, आता सबर करा आन् हे बगा," शेख सर म्हणाले. ठसे ओढ्यानं खाली गेले होते, टेकडी सोडून, शेतांकडे.

आम्ही मागोमाग गेलो. ओढा जिथं संपतो तिथून उदगीरच्या बाजूची पुढची टेकडी समोर दिसते. मधली जागा नकाशावर बोटाच्या पेराएवढी. त्या जागेत एका बाजूला डांबरी रस्ता आणि खडी केंद्र, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण घातलेली मोठी बाग. मध्ये राहतो फक्त एक धुरा.

धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधली न नांगरलेली पट्टी. माझं माहेर अर्धापूर. तिथं केळी. कॅनॉलचं पाणी आल्यापासून आमच्याकडे धुरा म्हणजे पाय ठेवण्यापुरती माती. केळीची शेवटची रांग शेजाऱ्याच्या केळीला खेटून. म्हणून हा धुरा पाहिला आणि मी थक्क झाले. चांगला दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील इतका रुंद. बोरी, हिवर, एक जुना कडुलिंब, तरवड, खाली गच्च काटेरी बोराटी. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत सलग. जनावराला आणखी काय पाहिजे?

मी बेहद्द खूश. धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो आणि आणलेल्या पट्ट्या सगळ्या बांधून टाकल्या. दूरच्या शेतात हरभरा खुडणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

पट्ट्या चालायला लागल्या

मुक्काम उदगीरला, शेख सरांच्या घरी. सकाळी परत धुऱ्यावर आलो, तर पट्ट्या जागेवर नाहीत. म्हणजे होत्या, पण जागेवर नव्हत्या! धुऱ्याच्या वरच्या अर्ध्यातल्या सगळ्या पट्ट्या डावीकडच्या शेतात, तुरीच्या झाडांना नीट गाठ मारून बांधलेल्या. खालच्या अर्ध्यातल्या उजवीकडे, हरभऱ्यात काठ्या रोवून त्यांच्या डोक्याला. मी डोळे चोळले. एवढ्या शिस्तीत माझे विद्यार्थीही काम करत नाहीत.

"हे काय झालं हो?" मी विचारते आहे, तोवर उजवीकडून एक उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ आले. हे माधवराव, हरभऱ्याचे मालक.

"मोजणी करायची तर नोटीस द्या की, म्याडम. असं चोरून कशापायी?"

डावीकडून दुसरे आले, तसेच उंच, मिशा मात्र काळ्या. हा त्यांचा धाकटा भाऊ दिगंबर. उदगीरच्या मोंढ्यात आडत दुकानावर कामाला, येळवशीसाठी, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणासाठी, गावी आलेला. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. त्यानं भावाकडे न बघता मला विचारलं, "कुणी बोलावलं तुमाला? यानंच ना?"

आता डोक्यात प्रकाश पडला. आमची लाल पट्टी म्हणजे हद्दीची खूण, असा दोघांनी समज करून घेतला होता. संपूर्ण धुऱ्यावर दोघांचा दावा. मग ज्याच्या हाताला ज्या पट्ट्या आधी लागल्या, त्यानं त्या उचलून पलीकडच्याच्या शेतात सरकवल्या होत्या! माधवरावांनी वरच्या, दिगंबरनं खालच्या. मला एकाच वेळी हसू आलं आणि अंगाचा तिळपापड झाला.

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मोजणी नाही, तलाठ्याशी संबंध नाही, रानमांजराची वाट आहे. दिगंबरनं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाला, "तसं असंल तर तुमची मेहनत फुकट गेली. येळवस झाली की दुसऱ्या दिशी सकाळी जेसीबी येऊन ऱ्हायला. धुराच काढून टाकतो. धुरा न्हाई, भांडण न्हाई."

"त्यानं एक आणला तर मी दोन आणीन," माधवराव आभाळाकडे बघत म्हणाले.

येळवस दुसऱ्याच दिवशी होती. मी जीपमध्ये येऊन बसले आणि दार इतक्या जोरात लावलं की शेख सर म्हणाले, "मॅडम, जीप मेहुण्याची हाय." आणि पुढे म्हणाले, "आज कुणी ऐकणार न्हाई. उद्या या. येळवशीला कुणी कुणाला शेतातून हाकलत न्हाई. जेवाया बसवतेत."

येळवस

अर्धापूरला येळवस म्हणजे कॅलेंडरवरची एक अमावस्या. इथं अख्खं गाव कुलूप लावून शेतात. गल्लीत कुत्रं सुद्धा नव्हतं, तीही मालकांमागे गेली असणार. शेतोशेती कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोप्या, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं नव्या कपड्यांत ढेकळं तुडवत हिंडत होती. जो येईल त्याला जेवायला बसवायचं, हा नियम.

माधवरावांच्या कोपीत आधी गेलो. त्यांच्या पत्नी गयाबाईंनी माझं आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध, आडनाव सांगितलं की कळतं. कळलं, आणि तितक्याच झटक्यात पत्रावळ माझ्या पुढ्यात आली. हे मुद्दाम लिहिते, कारण दर वेळी असं होत नाही.

आणि काय ते जेवण! तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभऱ्याचा पाला आणि हाताला येईल ती भाजी घालून बेसनात शिजवलेली भज्जी. बाजरीचे वाफवलेले उंडे. गव्हाची खीर. वरून ज्वारीची ताकातली आंबील, थंडगार, लसणाची. मी पोटभर जेवले आणि मग विषय काढला: धुऱ्यातला आपल्या बाजूचा भाग तसाच राहू द्या, तोडू नका, उन्हाळ्यात पेटवू नका.

"आन् रानडुकरं आली मंग?" माधवराव म्हणाले. "माझा हरभरा तुमी राखणार का?"

प्रश्न बरोबर होता. रानडुकरं येणार नाहीत असं मी सांगू शकत नव्हते, आणि खोटं बोलायचं नव्हतं. म्हटलं, "येतील. आत्ताही येतात. पण उंदीर खाणारं मांजर आणि घुबडही तिथंच राहतं. धुरा काढलात तर डुकरं येतच राहतील, मांजर तेवढं जाईल."

त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. "त्यानं सोडलं तर मी सोडतो."

मग दिगंबरच्या कोपीत. पुन्हा पत्रावळ, पुन्हा भज्जी, पुन्हा उंडे. "आत्ताच जेवले" असं म्हणायची सोय नव्हती. तिकडे जेवून इकडे नाही म्हटलं असतं तर संपलंच. त्याची बायको शोभा वाढायला अशी खमकी की "बास" म्हणेपर्यंत खीर सांडायची. मी घास घशाखाली ढकलत तेच सगळं पुन्हा सांगितलं. दिगंबर म्हणाला, "दादा सोडंल तर मी बी सोडतो. पण तो सोडत नसतो, तुमाला सांगून ठेवतो."

दोघांमध्ये तो धुरा, आणि पहिलं पाऊल कुणी टाकायचं यावर सगळं अडलेलं. माझं पोट फुटायला आलेलं आणि डोकंही. उद्या सकाळी जेसीबी. मी बाहेर येऊन कडुलिंबाखाली बसले आणि शेख सरांना म्हटलं, "मी हरले नाही, पण मला काही सुचत नाहीये."

दुपार कलल्यावर शेताला फेरी घालायची वेळ झाली. मालक डोक्यावर घोंगडं घेतो, आंबिलीचं मडकं धरतो आणि आपल्या शेताच्या कडेकडेनं आंबील शिंपडत चालतो. मागे घरची माणसं. रानाला जेवू घालायचं, असा त्याचा अर्थ. माधवराव निघाले. ते आपल्या बाजूनं धुरा उतरून गेले, तेव्हा दिगंबर त्याच्या बाजूनं निघाला. आधी एक, मग दुसरा, म्हणजे समोरासमोर यायला नको. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं असणार.

मी बसल्या जागेवरून बघत होते. काळ्या मातीवर आंबिलीचे पांढरे शिंतोडे उजवीकडे हरभऱ्याच्या काठानं. डावीकडे तुरीच्या काठानं. आणि मध्ये?

मी ताडकन उठले. धुऱ्यात शिरले, वाकून पाहिलं, पुढे गेले, पुन्हा पाहिलं. साडी बोराटीनं फाडली तरी पाहिलं. एक थेंब नाही!

"माधवराव! दिगंबर! दोघंही इकडे या!" मी अशी ओरडले की चार शेतांपलीकडची माणसं उभी राहिली. दोघं आपापल्या बाजूला येऊन थांबले.

"हे बघा तुमची आंबील. आणि ही तुमची. तलाठ्याला सांगता पूर्ण धुरा माझा. मला सांगता माझा. मग आज देवाच्या नावानं हद्द चाललात, तेव्हा दोघंही बाहेरूनच गेलात की! यातलं एक वीतभर तरी तुम्ही आपलं म्हणून शिंपलंय का?"

माधवराव म्हणाले, "काटे हायत आत. म्हणून बाहीरून गेलो."

"दर वर्षी?"

ते मडक्यात डोकावून बघायला लागले.

आणि इथं माझा डाव माझ्यावरच उलटला. दिगंबरनं मडकं उचललं. "मंग आता शिंपतो," म्हणाला आणि धुऱ्यात घुसला. ते पाहून माधवरावही आपल्या बाजूनं घुसले. आत्ता जर यांनी हा धुरा शिंपून आपला केला, तर मीच यांना वाट दाखवल्यासारखं झालं! बोराटीनं दिगंबरचं घोंगडं ओढून घेतलं, माधवरावांचं धोतर अडकलं, दोघं चार पावलांवर अडून राहिले, तोंडं एकमेकांकडे. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं असेल कोण जाणे. दोघांचाही हात मडक्यात, आणि शिंपायला कुणी धजेना. भावासमोर, येळवशीच्या दिवशी, जे इतकी वर्षं शिंपलं नाही ते माझं म्हणून शिंपायचं, तर जीभ आणि हात दोन्ही अडत असणार.

तेव्हा शोभा पुढे आली. पदर खोचला, काटे बाजूला सारत आत गेली, नवऱ्याच्या हातातलं मडकं घेतलं आणि उरलेली सगळी आंबील मध्यभागी, हिवराच्या बुडात ओतली.

"तुमचं न्हाई, त्येंचं बी न्हाई," ती म्हणाली. "हे बी रानच हाय की. सगळ्या रानाला जेवू घालायचं आन् मदल्या पट्टीला उपाशी ठेवायचं, ह्यो कुठला न्याय? आता हिला जेवू घातलंय. जेवू घातल्याल्यावर जेसीबी कोन घालतं, ते मी बगते."

गयाबाई हरभऱ्यातून मोठ्यानं म्हणाल्या, "बराबर हाय शोभाचं." धाकट्या जावेचं नाव त्यांनी दिराच्या समोर, नवऱ्याच्या समोर, ठणकावून घेतलं. मला आनंद आवरेना. मी फाटक्या साडीनिशी काट्यांत उभी राहून टाळ्या वाजवल्या. शेख सरांनी मात्र मान फिरवून रुमाल काढला.

दुसऱ्या दिवशी

सकाळी जेसीबी आलाच. माझा कुणावरही भरवसा नव्हता, म्हणून उजाडायच्या सुमारास मी धुऱ्याच्या तोंडाशी जीप आडवी लावून बसलेली. दिगंबर मोटारसायकलवरून आला, मला पाहून कपाळाला हात लावला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "वरल्या नाल्यातला गाळ काढ. हिकडं न्हाई."

माधवराव काठी टेकत आले. भावाशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले, पण त्याला ऐकू जाईल असं. "एक साल. तोडणार न्हाई, पेटवणार न्हाई. पुढल्या येळवशीपतूर. मंग बघू."

"हाव," दिगंबर जेसीबीकडे बघत म्हणाला. "एक साल."

मला कायमचं पाहिजे होतं. कागदावर, सहीनिशी पाहिजे होतं. हाती आलं एक साल, तेही तोंडी. परतीच्या वाटेवर शेख सरांनी नकाशा मांडीवर घेतला आणि दोन टेकड्यांच्या मध्ये रेघ ओढली, पेन्सिलीनं. मी म्हटलं, "पेननं ओढा ना." ते म्हणाले, "एका सालाची रेघ पेन्सिलीचीच असती, मॅडम."

असू दे. उदगीरच्या पुढे अजून किती तरी ठिपके सुटे पडले आहेत, तिथं तर धुरेही नाहीत. ते कसे जोडायचे ते मला आज ठाऊक नाही. पण हा एक धुरा मी सोडणार नाही. पुढच्या येळवशीला सकाळपासून उपाशी राहून जाणार आहे, दोन्ही कोप्यांत पोटभर जेवणार आहे, आणि ती पुसट रेघ पुन्हा एका सालासाठी गडद करून आणणार आहे. त्याच्या पुढच्या येळवशीलाही.